कोब्राला कोणतं इंजिन?

ऑगस्ट २०१६मध्ये कॅलिफोर्नियातल्या माँटरे इथे झालेल्या लिलावात एक छोटी, उघडी, दोन आसनांची गाडी १ कोटी ३७ लाख ५० हजार डॉलरला विकली गेली. ती पहिली शेल्बी कोब्रा होती, चॅसिस क्रमांक सीएसएक्स २०००. १९६०च्या दशकात अशा कोब्रा सगळ्या मिळून हजाराच्या आसपासच तयार झाल्या. ती गाडी हवीशी वाटणारी माणसं मात्र जगभर आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांना मूळ कोब्रा या जन्मात परवडणारी नाही. या तफावतीतून प्रतिकृतींचा एक मोठा धंदा उभा राहिला.

मॅसॅच्युसेट्समधल्या वेरहॅमची ‘फॅक्टरी फाइव्ह’ ही कंपनी १९९५पासून फायबरची बॉडी आणि लोखंडी नळ्यांची चॅसिस किट म्हणून विकते. ते किट घरच्या गॅरेजमध्ये जोडायचं असतं. दक्षिण आफ्रिकेत बनणारी ‘सुपरफॉर्मन्स’ जवळजवळ तयार होऊनच येते. युटामधल्या ‘कर्कहॅम’ने तर ॲल्युमिनियमच्या बॉडी पोलंडमधल्या मिएलेत्स इथे, जिथे पूर्वी मिग विमानं बनत होती त्या कारखान्यात घडवून घेतल्या. यांच्या किमतींत आणि कारागिरीत खूप फरक आहे, पण एक गोष्ट समान आहे: गाडी सहसा इंजिनाविना मिळते. इंजिन ज्याचं त्याने आणायचं.

मग प्रश्न सुरू होतात. जुनं घ्यावं की नवं? लहान की मोठं? फोर्डचंच हवं का? यावर रात्र रात्र वाद चालतात आणि बहुतेक वाद अश्वशक्तीच्या आकड्याभोवती फिरतात. या प्रकरणात मला वेगळा क्रम सुचवायचा आहे. गाडी कुठे आणि कशी चालणार हे आधी ठरवावं. मग टायर, चॅसिस आणि गिअरबॉक्स किती पेलतील ते पाहावं. इंजिन त्यानंतर निवडावं आणि अश्वशक्तीचा आकडा सर्वांत शेवटी वाचावा. हा क्रम माझ्या मनचा नाही. कोब्राचा सगळा इतिहास तोच शिकवतो.

मूळ गाडीतही बाहेरचंच इंजिन

इंग्लंडमध्ये सरे परगण्यातल्या टेम्स डिटन या गावी एसी कार्स नावाची छोटी कंपनी होती. १९५३मध्ये तिने ‘एस’ नावाची देखणी, हलकी स्पोर्ट्स कार बाजारात आणली. तिच्यात कंपनीचं स्वतःचं सहा सिलिंडरचं दोन लिटरचं इंजिन होतं, पण त्याचा मूळ आराखडा पहिल्या महायुद्धानंतरच्या काळातला. गाडी उत्तम आणि इंजिन म्हातारं, अशी अवस्था होती. म्हणून १९५६पासून ब्रिस्टल कंपनीचं दोन लिटरचं इंजिन मिळू लागलं. ते मूळ बीएमडब्ल्यू ३२८च्या इंजिनावरून घेतलेलं होतं. पुढे ब्रिस्टलने ते इंजिन बनवणंच थांबवलं आणि १९६१मध्ये एसीने फोर्ड झेफिरचं २.६ लिटरचं इंजिन वापरून पाहिलं. म्हणजे कोब्रा जन्माला येण्याआधीच या गाडीच्या बॉनेटखाली तीन घराण्यांची इंजिनं नांदून गेली होती.

त्याच सुमारास टेक्सासचा कॅरल शेल्बी नव्या वाटेच्या शोधात होता. १९५९ची ‘ल माँ’ची चोवीस तासांची शर्यत त्याने रॉय साल्वाडोरीच्या जोडीने ॲस्टन मार्टिनमधून जिंकली होती. पण हृदयाच्या दुखण्यामुळे १९६०नंतर त्याला शर्यती सोडाव्या लागल्या. हलकी युरोपीय गाडी आणि दणकट अमेरिकन व्ही ८ इंजिन यांची सांगड घालायची, हे त्याच्या मनात होतं. सप्टेंबर १९६१मध्ये त्याने एसीला पत्र लिहून विचारलं, तुमच्या गाडीत व्ही ८ बसेल का? इंजिनासाठी तो आधी शेवरलेकडे गेला. तिथे कॉर्व्हेट या त्यांच्या स्पोर्ट्स कारला घरातच स्पर्धक कोणाला हवा होता! मग तो फोर्डकडे वळला.

फोर्डकडे नेमकं हवं तेच तयार होतं. १९६२च्या फेअरलेन गाडीसाठी त्यांनी २२१ घन इंचांचं, म्हणजे ३.६ लिटरचं, नवं व्ही ८ काढलं होतं. ओतकामाचे साचे इतके अचूक झाले होते की बिडाच्या भिंती पूर्वीपेक्षा पुष्कळ पातळ ठेवता येत होत्या. बिडाचं असूनही हे इंजिन सुमारे २१० किलोंचं होतं आणि त्या काळच्या व्ही ८ इंजिनांच्या मानाने ही किमया होती. त्याचाच २६० घन इंचांचा अवतार फेब्रुवारी १९६२मध्ये लॉस एंजेलिसजवळच्या सँटा फे स्प्रिंग्ज इथे, डीन मून याच्या वर्कशॉपमध्ये, इंग्लंडहून विमानाने आलेल्या चॅसिसमध्ये बसवला गेला. तीच सीएसएक्स २०००. लवकरच २६०च्या जागी २८९ घन इंचांचं, ४.७ लिटरचं इंजिन आलं. शेल्बीने वापरलेल्या त्याच्या तेज आवृत्तीची कारखान्याने सांगितलेली ताकद २७१ अश्वशक्ती होती.

इथे एक बारकावा पाहण्यासारखा आहे. नव्या इंजिनाबरोबर एसीने मागचं डिफरन्शियलही बदललं आणि सॅलिसबरीचं, जग्वारच्या ताकदवान गाड्यांत शोभेल असं, मजबूत घेतलं. इंजिन बदललं की त्याच्या मागची सगळी साखळी बदलावी लागते, हा धडा पहिल्याच कोब्राने घालून दिला.

काटेकोर बोलायचं तर कोब्रा ही स्पोर्ट्स कार. ‘मसल कार’ हे नाव मध्यम आकाराच्या अमेरिकन गाडीत मोठं इंजिन घालून बनवलेल्या गाड्यांना लागतं आणि त्यांची सुरुवात बहुतेक जण १९६४च्या पाँटिॲक जीटीओपासून धरतात. पण जीटीओची गोष्ट तरी वेगळी कुठे आहे? पाँटिॲक ज्या जनरल मोटर्सची, तिचा नियम होता की मध्यम गाडीत ३३० घन इंचांपेक्षा मोठं इंजिन घालायचं नाही. पाँटिॲकच्या जॉन डिलोरियन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी टेम्पेस्ट गाडीत ३८९ घन इंचांचं इंजिन बसवलं आणि ते वेगळं मॉडेल न म्हणता ‘जादा पर्याय’ म्हणून विकलं. हा सगळा वंशच इंजिनबदलातून जन्मला आहे. म्हणून प्रतिकृतीत दुसरं इंजिन घातलं तर गाडी बाटते, असं म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. प्रश्न दुसऱ्या इंजिनाचा नाही, योग्य इंजिनाचा आहे.

४२७चा मोह

आज रस्त्यावर दिसणाऱ्या बहुसंख्य प्रतिकृती एकाच मॉडेलच्या असतात. फुगीर मडगार्ड, बॉनेटवर हवेचं तोंड, दोन्ही बाजूंनी धावणारे जाडजूड सायलेन्सर पाइप आणि पुढच्या मडगार्डवर ४२७ हा आकडा. ४२७ घन इंच म्हणजे सात लिटर. हे इंजिन फोर्डने स्टॉक कार शर्यतींसाठी वाढवलं होतं.

ते कोब्रात कसं आलं ते मुळातून समजून घ्यायला हवं. १९६४च्या सेब्रिंगच्या शर्यतीसाठी शेल्बीच्या लोकांनी जुन्याच चॅसिसमध्ये ४२७ बसवलं आणि गाडी चालक केन माइल्सच्या हाती दिली. सरावात ती झाडावर जाऊन आदळली. दुरुस्त करून शर्यतीत उतरवली, पण ती शेवटपर्यंत पोचली नाही. आडव्या पाट्यांचं जुनं सस्पेन्शन आणि तीन इंची नळ्यांची चॅसिस हे ओझं पेलणार नव्हती. म्हणून फोर्डच्या इंजिनिअरांच्या मदतीने चॅसिस नव्याने आखली गेली. मुख्य नळ्या चार इंच व्यासाच्या झाल्या, पाट्यांच्या जागी कॉइल स्प्रिंग आल्या, रुंद टायरांसाठी मडगार्ड फुगवले गेले. ज्या फुगीरपणावर आज लोक भाळतात, तो मोठ्या इंजिनाने लादलेला होता.

पुढची गोष्ट आणखी बोलकी आहे. जागतिक स्पर्धेत जीटी गटात उतरायला १०० गाड्या तयार असणं बंधनकारक होतं. वेळेवर तेवढ्या ४२७ झाल्या नाहीत, त्यामुळे १९६५च्या मोसमात ती त्या गटात धावूच शकली नाही. उरलेल्या शर्यतीच्या गाड्यांपैकी सुमारे तीस गाड्या थोडे बदल करून रस्त्यासाठी विकल्या गेल्या. ‘एस/सी’ म्हणजे निम्मी शर्यतीची, अशी त्यांची ओळख झाली आणि आज सर्वाधिक नकला त्यांच्याच होतात. मग १९६५चं जीटी विजेतेपद शेल्बीला कशावर मिळालं? पीटर ब्रॉकने आखलेल्या, छप्पर असलेल्या ‘डेटोना कूपे’ गाड्यांवर. त्यांच्यात इंजिन होतं तेच जुनं २८९. ४ जुलै १९६५ रोजी फ्रान्समधल्या रॅन्स इथे त्या विजेतेपदावर शिक्कामोर्तब झालं.

आकड्याचीही गंमत बघा. ४२७ महाग पडत असल्यामुळे शेल्बीने रस्त्यावरच्या काही ‘४२७’ कोब्रांत ४२८ इंजिन बसवून दिलं. आकडा एकाने मोठा, पण इंजिन वेगळं. ४२८चा बोअर म्हणजे सिलिंडरचा व्यास लहान आणि स्ट्रोक म्हणजे पिस्टनची धाव लांब, मुळात मोठ्या प्रवासी गाड्यांसाठीचं. म्हणजे मडगार्डवरचा आकडा आणि आतलं इंजिन यांचा मेळ मूळ गाडीतही दर वेळी नव्हता. जे प्रतिकृतीवर ४२७ लिहून आत दुसरं इंजिन बसवतात, त्यांनी ओशाळण्याचं कारण नाही.

टायर किती पेलतो?

आता थोडं गणित करू. वाचायला दोन मिनिटं लागतील, पण हजारो डॉलर वाचतील.

इंजिनाचे दोन गुण असतात. टॉर्क म्हणजे पिळण्याचा जोर. गंजलेला नट सोडवताना लांब पाना धरला की तेवढ्याच ताकदीत जास्त पीळ मिळतो, तोच हा जोर. तो न्यूटन मीटरमध्ये मोजतात. अश्वशक्ती म्हणजे तो पीळ किती वेगाने दिला जातो त्याचं माप. गाडी पुढे ढकलली जाते ती चाकाशी पोचलेल्या पिळाने, आणि गिअर व डिफरन्शियल तो पीळ कैक पटींनी वाढवतात.

एक साधं उदाहरण घेऊ. १९८७ ते १९९२च्या फोर्ड मस्टँगमधलं पाच लिटरचं इंजिन, कारखान्याचा आकडा २२५ अश्वशक्ती, टॉर्क सुमारे ४०० न्यूटन मीटर. आजच्या हिशेबाने हे अगदीच सौम्य. त्याच्या पाच गिअरच्या टी-५ गिअरबॉक्सचा पहिला गिअर ३.३५चा, डिफरन्शियल ३.२७चं धरू. टायरची त्रिज्या ३३ सेंटिमीटर आणि वाटेतलं नुकसान १५ टक्के. पहिल्या गिअरमध्ये मागच्या चाकांशी सुमारे ११,००० न्यूटनचा ढकल तयार होतो.

आता टायरची बाजू बघू. चालकासह ११०० किलोंची प्रतिकृती, निम्मं वजन मागे. वेग घेताना भार मागे सरकतो, तेव्हा मागच्या चाकांवर साधारण ६८० किलो येतात. चांगले रस्त्याचे टायर कोरड्या डांबरावर ढोबळमानाने आपल्यावरच्या भाराएवढाच जोर धरू शकतात, म्हणजे सुमारे ६,७०० न्यूटन. त्यापलीकडे चाक जागच्या जागी फिरतं, रबर जळतं, गाडी पुढे जात नाही.

म्हणजे सर्वांत सौम्य इंजिनही पहिल्या गिअरमध्ये टायरच्या कुवतीपेक्षा दीडपट जोर देऊन बसतं. दुसऱ्या गिअरमध्ये ते बरोबर सीमेवर येतं. तिसऱ्यात सुमारे ४,५०० न्यूटन उरतात आणि टायर निश्चिंत असतात. याच गिअरांमागे ६५० न्यूटन मीटरचं, ४२७च्या तोलाचं इंजिन लावलं तर तिसऱ्या गिअरमध्येही ७,३०० न्यूटन येतात. म्हणजे हमरस्त्यावर दुसऱ्या गाडीला मागे टाकताना पाय जरा जास्त दाबला गेला, तर मागची चाकं सुटू शकतात. मूळ कोब्रात आणि बहुतेक प्रतिकृतींत ते रोखायला कोणतंही इलेक्ट्रॉनिक्स नाही. रस्ता ओला असेल तर ही सगळी सीमा आणखी खाली येते.

मोठ्या इंजिनाचा उपयोग अजिबात नाही, असं नव्हे. ट्रॅकवरच्या लांब सरळ पट्ट्यावर, वरच्या गिअरमध्ये, हवेचा विरोध वाढलेला असताना अश्वशक्ती आपली किंमत वसूल करते. तिथे रुंद, मऊ रबराचे टायर असतात आणि शिकलेला चालक असतो. रविवारी सकाळी डोंगरातल्या वळणांवरून चाळीस मैल जाऊन यायचं असेल, तर ३०० ते ३५० अश्वशक्ती या एक टनी गाडीला भरपूर झाली. याहून जास्त ताकद बहुतांश वेळ झोपलेली राहते, आणि जागी होते ती नको त्या क्षणी.

पाच उमेदवार

पहिला, फोर्ड ३०२. हे २८९चंच सख्खं भावंड. बोअर तोच चार इंच, स्ट्रोक किंचित लांब. १९६८मध्ये आलं, मस्टँगमध्ये १९९५पर्यंत आणि एक्सप्लोररमध्ये २००१पर्यंत टिकलं. त्यामुळे ते भंगारातही मिळतं आणि सुटे भाग अमेरिकेत कोपऱ्याकोपऱ्यावर मिळतात. वजन २१० किलोंच्या घरात. ॲल्युमिनियमची हेड लावली तर आणखी वीसेक किलो उतरतात आणि तेही गाडीच्या नाकावरून. लांब स्ट्रोकचा क्रँकशाफ्ट घालून ते ३४७ घन इंचांचं करता येतं. मर्यादा एकच, पण गंभीर: ५०० अश्वशक्तीच्या आसपास गेलं की कारखान्याचा मूळ ब्लॉक मधोमध उभा चिरण्याची भीती असते.

दुसरा, ३५१ विंडसर. दिसायला ३०२सारखाच, पण ब्लॉक सुमारे ३३ मिलिमीटर उंच, म्हणून रुंदही, आणि वीस-तीस किलो जड. क्रँकशाफ्ट दणकट. स्ट्रोक वाढवून तो ४०८ घन इंचांचा होतो, आणि चांगल्या नव्या ब्लॉकमध्ये बोअर ४.१२५ इंच व स्ट्रोक ४ इंच केला की बरोब्बर ४२७! आज कित्येक प्रतिकृतींच्या मडगार्डवरचा आकडा याच मार्गाने खरा झालेला असतो. ताकद हवी आणि नाकावर फार ओझं नको, अशांसाठी ही मधली वाट चांगली आहे.

तिसरा, खुद्द ४२७. फोर्डच्या एफई घराण्यातलं. त्याच्या ‘साइड ऑइलर’ प्रकारात तेल आधी क्रँकशाफ्टच्या मुख्य बेअरिंगांना मिळतं, मग वर जातं. शर्यतीत तासन् तास पिळलं जाणारं इंजिन टिकावं म्हणून केलेली ती योजना आहे. बॉनेट उघडल्यावर याच्यासारखा देखावा दुसऱ्या कशाचा नाही. पण बिडाचं हे धूड तीनशे किलोंच्या आसपास जातं, म्हणजे ३०२पेक्षा ८०-९० किलोंनी जड, आणि किंमत कितीतरी जास्त. आता नव्याने ओतलेले ॲल्युमिनियमचे ब्लॉक मिळतात. वजन त्यांनी उतरतं, खर्च नाही. ज्याला १९६५ची गाडी जशीच्या तशी हवी आहे, त्याने हेच घ्यावं, आणि त्याच्या जोडीला चांगले ब्रेक, चांगले टायर आणि चालवण्याचं रीतसर शिक्षणही घ्यावं.

चौथा, फोर्डचं ‘कायोटी’. २०११च्या मस्टँगबरोबर आलेलं पाच लिटरचं ॲल्युमिनियमचं इंजिन, सुरुवातीला ४१२ अश्वशक्तीचं. प्रत्येक सिलिंडरला चार व्हॉल्व्ह, चार कॅमशाफ्ट, व्हॉल्व्ह उघडण्याची वेळ बदलणारी यंत्रणा. पहाटेच्या थंडीत किल्ली फिरवताच सुरू होतं, वाहतूक कोंडीत तापत नाही, धूर स्वच्छ. पण कॅमशाफ्ट हेडच्या डोक्यावर असल्यामुळे ते जुन्या ३०२पेक्षा चांगलंच रुंद आहे. १९६२च्या मापाच्या गाडीत ते बसवताना चालकाच्या पायांजवळची जागा आक्रसते. त्याच्याबरोबर संगणक, वायरिंग, इलेक्ट्रॉनिक ॲक्सिलरेटर आणि एक्झॉस्टमधले ऑक्सिजन सेन्सर हा सगळा संसार येतो. तो एकत्रित संच म्हणून विकत घेणंच शहाणपणाचं.

पाचवा उमेदवार म्हणजे शेवरलेचं एलएस घराणं. १९९७च्या कॉर्व्हेटपासून आलेलं, ॲल्युमिनियमचं, एकच कॅमशाफ्ट ब्लॉकच्या पोटात ठेवणारं. म्हणूनच ते आकाराने आटोपशीर आहे: २००८च्या कॉर्व्हेटमधलं ६.२ लिटरचं एलएस ३ तब्बल ४३० अश्वशक्तीचं, तरी कायोटीपेक्षा अरुंद. अभियांत्रिकीच्या दृष्टीने या यादीत दर किलोला, दर इंचाला आणि दर डॉलरला सर्वाधिक देणारं हेच असावं. फोर्डभक्तांना ते रुचत नाही आणि गाडी पुढे विकताना त्याचा फटकाही बसतो. मूळ कोब्रा फोर्डच्या ताकदीवर कॉर्व्हेटला हरवण्यासाठी बनली होती, तेव्हा ही भावना मी खोटी मानत नाही. पण ती भावना आहे, तांत्रिक दोष नव्हे, हे निवडताना स्वतःशी स्पष्ट असावं.

आवाजाबद्दल एक गैरसमज इथेच दूर करू. व्ही ८ची ती खोल गुरगुर इंजिन मोठं असल्यामुळे येते, असं अनेकांना वाटतं. ती येते क्रँकशाफ्टच्या रचनेतून. त्याचे चार खांदे एकमेकांशी काटकोनात असतात, त्यामुळे प्रत्येक बाजूच्या चार सिलिंडरांतून बाहेर पडणारे धुराचे ठोके समान अंतराने पडत नाहीत. ही रचना वरच्या पाचही इंजिनांत आहे. तेव्हा आवाजासाठी सात लिटर घेण्याची गरज नाही.

बसवताना अडणाऱ्या गोष्टी

इंजिन कागदावर निवडणं सोपं, गाडीत उतरवणं अवघड. पैसा आणि वेळ खाणाऱ्या गोष्टी नेहमी त्याच असतात.

तेलाचा पॅन हा पहिला सापळा. ज्या गाडीतून इंजिन आलं, तिच्या आडव्या दांड्यांच्या मापाने त्याचा खोलगट भाग पुढे किंवा मागे असतो. तो प्रतिकृतीच्या चॅसिसला जुळेलच असं नाही. शिवाय कोब्रा जमिनीलगत बसते. पॅन हाच गाडीचा सर्वांत खालचा भाग झाला, तर पहिल्या उंच गतिरोधकावर सगळं तेल रस्त्यावर.

दुसरा सापळा संतुलनाचा. ३०२च्या क्रँकशाफ्टचा थोडा तोल पुढचा डॅम्पर आणि मागचं फ्लायव्हील यांच्यातल्या वजनाने साधलेला असतो. जुन्या ३०२मध्ये ते वजन २८ औंस-इंच होतं, १९८०च्या दशकाच्या सुरुवातीपासून ५० झालं. दोन्ही फ्लायव्हील बोल्टांना सारखीच बसतात! चुकीचं बसवलं तर इंजिन सुरूही होतं, पण थरथरत राहतं आणि बेअरिंगं खातं. विकत घेताना वर्ष विचारा, आणि स्ट्रोक बदललेलं इंजिन असेल तर ते कोणत्या आकड्यावर तोललं आहे हे लेखी घ्या.

तिसरा, पाण्याचा पंप. पुढच्या काळातल्या मस्टँगच्या ३०२ला एकच लांब चपटा पट्टा आला आणि त्यात पंप उलटा फिरतो. असं इंजिन आणून त्यावर जुन्या पद्धतीचे व्ही पट्टे चढवले आणि पंप तोच ठेवला, तर पाणी नीट फिरत नाही. रेडिएटर कितीही मोठा घातला तरी गाडी तापतच राहते आणि मालक महिनोन्महिने चुकीच्या जागी दोष शोधत बसतो.

गिअरबॉक्सचा विचार इंजिनाबरोबरच करावा. २८९, ३०२ आणि ३५१ विंडसर यांना १९६५नंतरचं सहा बोल्टांचं बेल हाउसिंग, म्हणजे गिअरबॉक्स इंजिनाला जोडणारं कवच, एकच चालतं, ही मोठी सोय आहे. एफई, कायोटी आणि एलएस यांचं बोल्टांचं वर्तुळ वेगळं. मस्टँगचा टी-५ मूळ ३०२च्या ४०० न्यूटन मीटरसाठी ठीक आहे. ४२७ घन इंचांच्या टॉर्कपुढे त्याचे दाते टिकणार नाहीत. तिथे ट्रेमेक कंपनीचा जड गिअरबॉक्सच हवा.

इंधनाचंही तसंच. कार्ब्युरेटरला सहा-सात पीएसआय दाब पुरतो, इंजेक्शनला चाळीस ते साठ लागतो. त्यासाठी पंप, नळ्या, जोड सगळं वेगळं. आणि उष्णता! एक्झॉस्टचे पाइप चालकाच्या पायांशेजारून, स्टीअरिंगच्या दांड्याला जवळजवळ खेटून जातात. मोठं इंजिन म्हणजे मोठे पाइप आणि कमी मोकळी जागा. पायांजवळच्या पत्र्याला उष्णतारोधक थर लावणं ही चैन समजू नये.

कायदा काय म्हणतो

ज्या राज्यात किंवा देशात गाडी नोंदवायची, तिथला धुराचा नियम इंजिन निवडण्याआधी वाचावा. कॅलिफोर्नियात दरवर्षी पहिल्या ५०० घरी बांधलेल्या गाड्यांना खास सवलत मिळते: धुराची कसोटी गाडी ज्या जुन्या वर्षासारखी दिसते, त्या वर्षाच्या नियमांनी लावली जाते. ब्रिटनमध्ये प्रत्येक अशा गाडीची स्वतंत्र तपासणी होते आणि इंजिनाच्या वयावर धुराचा निकष ठरतो.

तयार गाड्यांसाठी अमेरिकन संसदेने २०१५मध्ये कायदा केला. किमान २५ वर्षं जुन्या गाडीसारखी दिसणारी प्रतिकृती छोट्या उत्पादकाला वर्षाला ३२५पर्यंत विकता येते आणि तिला आजच्या धडक-सुरक्षेच्या चाचण्यांतून सूट आहे. धुरातून मात्र सूट नाही. त्यामुळे कारखान्यातून पूर्ण तयार होऊन येणाऱ्या प्रतिकृतींत आधुनिक, प्रमाणित इंजिनांचं पारडं जड झालं आहे.

भारतातल्या वाचकांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. १९८८च्या मोटार वाहन कायद्याचं ५२वं कलम उत्पादकाने ठरवलेल्या तपशिलांत फेरफार करायला मनाई करतं, आणि २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्थ कडकपणे लावला. वेगळ्या जातीचं इंजिन बसवलेली गाडी आरटीओत नोंदवणं आपल्याकडे जवळपास अशक्य आहे. अमेरिकेत किंवा ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या मराठी माणसाने हा छंद तिथेच पुरवावा. गाडी पुढे मायदेशी नेण्याच्या भरवशावर पैसा घालू नये.

निवडीचा क्रम

तर निवडायचं कसं? आधी एका वाक्यात लिहून काढा, ही गाडी वर्षातले बहुतेक दिवस काय करणार आहे. वळणांचे रस्ते, मधूनअधून लांबचा प्रवास आणि स्वतःच्या हातांनी दुरुस्ती, असं उत्तर आलं तर ॲल्युमिनियमच्या हेडचं ३०२ किंवा ३४७ घ्या. ट्रॅकवर नियमित जाणार असाल तर ३५१ किंवा एलएस, आणि सोबत भक्कम गिअरबॉक्स. रोज चालवायची आहे, धुराचे नियम कडक आहेत, तर कायोटी. प्रदर्शनात बॉनेट उघडून उभी करायची आणि इतिहास जपायचा, तर एफई. प्रत्येक उत्तर आपल्या जागी बरोबर आहे. उत्तर लिहिण्याआधीच इंजिन विकत घेणं एवढंच चूक.

मग ठरलेल्या रकमेतला मोठा वाटा टायर, ब्रेक, डिफरन्शियल आणि थंड ठेवण्याची व्यवस्था यांच्यासाठी बाजूला काढा, आणि उरलेल्यात बसेल ते इंजिन घ्या. शंका असेल तिथे लहान आणि हलकं निवडा. लहान इंजिन पुढे वाढवता येतं. जड इंजिन मात्र गाडीचं नाक, ब्रेक, टायर आणि मालकाची हिंमत या सगळ्यांकडून कायमचा कर वसूल करतं.

शेल्बीने १९६१मध्ये फोर्डचं सर्वांत मोठं इंजिन मागितलं नव्हतं. त्या छोट्या इंग्लिश गाडीला पेलेल असं, तिच्या वजनाचा तोल न बिघडवणारं इंजिन त्याने निवडलं, आणि त्याच जातीच्या इंजिनाने चार वर्षांनी फेरारीसारख्या प्रतिस्पर्ध्यांना मागे टाकून विजेतेपद आणलं. कोब्राची हुबेहूब नक्कल करायचीच असेल, तर ती या विचारपद्धतीची करावी. तशी गाडी कोणत्याही कंपनीच्या इंजिनावर धावली, तरी ती कोब्राच्याच वाटेने धावेल.